मदत हवी आहे : पुढच्या चाकाकडून येणारी टकटक आणि गॅरेजने दिलेली सुट्या भागांची लांबलचक यादी

नमस्कार. आमच्याकडे सात वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. राहणे चिपळूणला आणि कामानिमित्त कराडला वरचेवर जाणे असल्यामुळे गाडीचा बराचसा प्रवास कुंभार्ली घाटातूनच होतो. पावसाळा सरल्यापासून पुढच्या डाव्या चाकाकडून बारीक, कोरडी टकटक ऐकू येऊ लागली आहे. गुळगुळीत रस्त्यावर, वेग कितीही असला तरी, आवाज येत नाही. मात्र उखडलेल्या रस्त्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना, विशेषतः एकच चाक खड्ड्यात उतरले की, तो हमखास येतो. स्पीडब्रेकर सरळ ओलांडताना मात्र तो येत नाही. याच चाकाचा टायर आतल्या कडेने अधिक झिजला आहे आणि जोराने ब्रेक लावल्यास गाडी किंचित डावीकडे ओढते.

एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे आडवे हात), लिंक रॉड, वरची माउंटिंग आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचे चाकाकडचे टोक) असे सगळेच बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. गाडी रॅम्पवर न चढवता, नुसती एक फेरी मारून ही यादी तयार झाल्यामुळे मन साशंक आहे. दुसऱ्या एका मिस्त्रींच्या मते फक्त लिंक रॉड गेला आहे. खर्च करायला माझी ना नाही, परंतु कोणता भाग खरोखर खराब आहे हे स्वतः पाहून ठरवता येईल का, आणि कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जाता जाता आणखी एक शंका. पुढची गाडी घेताना घाटासाठी पाट्यांचीच (मागे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेलीच) गाडी घ्यावी, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद :

स्पीडब्रेकरचे निरीक्षण आपण नोंदवले, हे फार बरे झाले. आपल्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असणार, कारण आपल्याकडच्या जवळजवळ सर्व हॅचबॅकमध्ये तेच असते. त्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या जोडणीत बसवलेले असतात. वरचे टोक माउंटिंगमार्गे बॉडीला आणि खालचे चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) बसते, तर नकलचा खालचा भाग बॉल जॉइंटने (सर्व बाजूंना फिरणाऱ्या गोल सांध्याने) लोअर आर्मला जोडलेला असतो. दोन्ही बाजूंच्या स्ट्रटना जोडणारा आडवा अँटी-रोल बार वळणावर गाडीला कलू देत नाही, आणि त्याची टोके स्ट्रटला जोडणारी दांडी म्हणजे लिंक रॉड. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर हा बार पिळला जात नाही आणि लिंक रॉडवर ताण येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेले की बार पिळला जातो आणि रॉडच्या टोकांना असलेले छोटे बॉल जॉइंट सैल झालेले असतील तर ते टकटक वाजतात. त्यामुळे आवाजापुरते दुसऱ्या मिस्त्रींचे निदान मला पटते.

खात्री करायची असेल तर गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि चाकामागे हात घालून लिंक रॉड जोरात हलवून पाहावा. एकाच बाजूला जॅक लावून ही तपासणी करू नये, कारण तेव्हा बार पिळलेला असतो, रॉड ताणलेला राहतो आणि सैलपणा हाताला लागतच नाही. कित्येक खराब रॉड याच कारणाने ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिले जातात.

आतल्या कडेची झीज आणि ब्रेक लावताना ओढणे यांचा दोष मात्र लिंक रॉडवर टाकता येणार नाही. मला संशय आहे तो डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी भागावर. त्याचे रबर फाटले की ब्रेक लावताना चाक मागे सरकते, टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर असलेली दिशा) बिघडतो आणि गाडी ओढू लागते. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असला तरी गाडी ओढते, म्हणून तोही पाहून घ्यावा. बुश पाहण्यासाठी गाडी रॅम्पवर घ्यावी आणि पहारीने आर्म हलकेच रेटून रबराला पडलेल्या भेगा उघडतात का ते बघावे.

चाक अधांतरी असताना ते वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगचा सैलपणा कळतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगितल्यावर तो नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (त्याच दांडीचे आतले टोक) तपासावा. शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा पुसट ओलावा चालतो, पण धुळीने माखलेले ओघळ दिसले तर तो गेला असे समजावे. बदलायचा झाल्यास पुढची जोडी एकत्रच बदलावी. माउंटिंगसाठी उभ्या गाडीचे स्टिअरिंग कुणाला तरी फिरवायला सांगून स्प्रिंगला हात लावून बघा. ती अडकून झटका देत असेल तर वरचे बेअरिंग खराब आहे.

प्रतिसाद :

पाट्यांबद्दल लिहितो. सस्पेन्शनचा प्रकार रस्त्यापेक्षा वजनावर अधिक ठरतो. पाटे वजन पेलतात आणि त्याच वेळी मागचा ॲक्सल जागेवरही धरून ठेवतात, त्यामुळे रचना सोपी, टिकाऊ आणि मालवाहतुकीला सोयीची होते. म्हणूनच ॲम्बेसेडरला मागे पाटे होते आणि बोलेरोला आजही आहेत. पण हेच पाटे रिकाम्या गाडीत कडक लागतात आणि मागे बसलेल्यांची हाडे खिळखिळी करतात. चार माणसे आणि दोन पिशव्या घेऊन कराडला जायचे असेल तर ग्राउंड क्लिअरन्स बरा असलेली, कॉइल स्प्रिंगची गाडी पुरेशी आहे. दर आठवड्याला आंब्याच्या पेट्या किंवा सिमेंट न्यायचे असेल, तर वडीलधाऱ्यांचे ऐका.

धागालेखक :

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. डाव्या लिंक रॉडचे वरचे टोक हाताने स्पष्ट हलते आणि डाव्या आर्मचे मागचे बुश जवळपास अर्धे फाटलेले आहे. कॅलिपर मोकळा आहे, दोन्ही शॉकॲब्सॉर्बर कोरडे आहेत आणि टाय रॉड एंडमध्ये ढिलेपणा आढळला नाही. आता नुसते बुश बदलावे की पूर्ण आर्म?

प्रतिसाद :

बुश सुटे मिळत असेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर प्रेसवर बुश बदलून घ्यावे. बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला असेल आणि त्याचे रबरी बूट फाटलेले असेल, तर पूर्ण आर्म घेणे परवडते, नाहीतर थोड्याच काळात तेच काम पुन्हा निघते. लिंक रॉड दोन्ही बाजूंचे बदलावेत. ते फारसे महाग नसतात. काम करून घेताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळायला सांगावे, कारण चाक लोंबकळत असताना आवळल्यास गाडी खाली येताच रबर पिळलेल्या स्थितीत राहते आणि नवे बुशही लवकर फाटते. घाईत बहुतेक ठिकाणी हे टाळले जाते.

त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे आणि त्याचा छापील कागद मागून घ्यावा. पुष्कळशा हॅचबॅकमध्ये पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) मर्यादेबाहेर दाखवत असेल तर कुठला तरी भाग वाकलेला आहे असे समजून पुन्हा तपासणी करावी लागेल. झिजलेला टायर अलाइनमेंटने भरून येणार नाही. आतल्या कडेची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा अधिक उरली असेल तर तो वापरता येईल. त्याहून कमी असेल किंवा तारा दिसू लागल्या असतील तर घाट चढण्यापूर्वी तो बदलावा.