मदत हवी आहे: अभ्यासाच्या वेळी मुलगा स्वतःला चावतो, सुट्टी द्यावी की देऊ नये?

नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात एकत्र कुटुंबात राहतो. माझा मुलगा आठ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी वही उघडली की तो पेन्सिल मोडतो, पाने फाडतो आणि फार रेटले तर स्वतःच्या मनगटाला चावतो किंवा शेजारी बसलेल्याला लाथ मारतो. खेळताना, जेवताना किंवा घरी पाहुणे आलेले असताना यातले काहीही होत नाही, आणि धाकट्या चुलत बहिणीशी तर तो फार मायेने वागतो. त्यामुळे ‘मुळातच हट्टी आहे’ हे घरचे निदान मला पटत नाही.

आम्ही ज्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जातो त्यांनी एक तक्ता ठेवायला सांगितला होता: आधी काय घडले, त्याने काय केले आणि त्यानंतर इतरांनी काय केले. तक्ता भरत गेल्यावर तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे वही मिटली गेली. मी घाबरून मिटते, सासूबाई दया येऊन मिटतात आणि सासरे शिक्षा म्हणून त्याला खोलीबाहेर काढतात. शाळेतही बाई त्याला वर्गाबाहेर उभे करतात. मानसशास्त्रज्ञांच्या म्हणण्यानुसार, लिहिण्यातून सुटका हेच ज्याला हवे आहे त्या मुलासाठी बाहेर काढणे ही शिक्षा नसून ऋण प्रबलन आहे, म्हणजे नकोशी गोष्ट टळल्यामुळे ते वर्तन आणखी पक्के होते.

 

आता त्यांनी सुचवलेली योजना अशी आहे की, काम लहान तुकड्यांत द्यायचे, ‘मला थोडं थांबायचंय’ असे म्हणायला त्याला शिकवायचे, आणि तसे म्हटल्याबरोबर दोन-तीन मिनिटांची सुट्टी द्यायची. चावल्यावर मात्र सुट्टी नाही. सासऱ्यांना हे लाड वाटतात. ते स्वतः शिक्षक होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे मी सहज उडवून लावू शकत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. मागितल्याबरोबर सुट्टी मिळाली तर तो दिवसभर तेच मागत राहणार नाही का? चावल्यावर सुट्टी बंद केली की सुरुवातीला चावणे वाढू शकते असे मानसशास्त्रज्ञांनी बजावले आहे. ते किती वाढू द्यावे? शिवाय अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकायला जड जाते का याची, तपासणी सुचवली आहे, पण घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा मुलाला नेमके कोणत्या भाषेत तपासतात?

प्रतिसाद

मी वडोदऱ्यात याच क्षेत्रात काम करते. मुलाला न पाहता निदान करता येणार नाही, मात्र तुम्ही मांडलेली योजना या क्षेत्रात चांगलीच रुळलेली आहे. कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये दाखवले होते की, त्रासदायक वर्तनाने जे मिळते तेच बोलून मागायला शिकवले तर ते वर्तन कमी होते. सुरुवातीला तो वारंवार मागेल आणि तेव्हा प्रत्येक वेळी द्यावे, कारण बोलणे हे चावण्यापेक्षा सोपे आणि खात्रीचे आहे हे आधी त्याला पटायला हवे. त्यानंतर ‘एक ओळ आणि मग सुट्टी’, पुढे ‘तीन ओळी’ असे हळूहळू वाढवत नेतात. सुट्टीत मोबाइल देऊ नका.

चावण्याकडे नुसते दुर्लक्ष करू नका. स्वतःला इजा होत असेल तिथे ती पद्धत एकटी वापरत नाहीत. न बोलता, न रागावता हात हलकेच अडवा, काम अगदी एका शब्दापर्यंत कमी करा आणि तेवढे झाल्यावर थांबा. कातडी फुटत असेल किंवा तो डोके आपटू लागला तर योजना तिथेच थांबवून त्याच दिवशी तुमच्या मानसशास्त्रज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना कळवा.

तपासणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. बुद्धिमापन सहसा मुलाला सर्वांत सोप्या वाटणाऱ्या भाषेत करतात, तर वाचन-लेखन शाळेच्या माध्यमात; पण त्याला हिंदी उताराही वाचायला लावा असा आग्रह धरा. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ असल्याने अडचण असलेली मुलेही त्यात पुष्कळदा बरोबर, परंतु फार सावकाश वाचतात, म्हणून चुकांइतकाच वेगही मोजायला हवा. अडचण फक्त इंग्रजीत दिसली तर इंग्रजीचा सराव कमी पडला आहे का, हे आधी पाहावे लागेल. अध्ययन अक्षमता निघाली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षेत सवलत मागता येते. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे ना, हे विचारायला संकोचू नका.

सासऱ्यांशी वाद घालण्याऐवजी तक्ता त्यांच्या हाती द्या आणि तिसरा रकाना त्यांनाच भरू द्या. सुट्टी तर मुलगा आजही रोज मिळवतोच आहे. ती चावून मिळवायची की मागून, एवढेच ठरवायचे आहे.