मदत हवी आहे: ३ फुटी रीफ टाकी, कॅनिस्टर चालेल की संपच लागेल?

पाणवठा

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं गोड्या पाण्यात काढली. प्लांटेड टाकी, निऑन टेट्रा, काळ्या शेवाळाशी मारामारी, सगळं करून झालं. आता खाऱ्या पाण्यात, म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेल्या रीफ टाकीत उतरायचं ठरवलंय आणि पाय ओले व्हायच्या आधीच गटांगळ्या खायला लागलोय. गाडी फिल्ट्रेशनवर अडलीय: कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) की संप (टाकीखाली ठेवायची दुसरी छोटी टाकी, जिच्यातून पाणी फिरतं)?

टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट, १० मिमी काच, ओळखीच्या कारागिराकडून करून घेतलीय. अजून कोरडी ठणठणीत आहे. स्टँडच्या कपाटात आतून ८० सेमी रुंदी, ४० खोली, ६५ उंची मिळते. घर भाड्याचं, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर. टाकी हॉलमध्ये, आणि आईही हॉलमध्येच झोपते. तिची झोप अशी की फ्रिज सुरू झाला तरी जाग येते. शिवाय आमच्या बाथरूममुळे खालच्या काकूंचं छत एकदा ओलं झालंय, त्यामुळे फरशीवर पाणी हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे.

एक दुकानदार म्हणाला, "कॅनिस्टर आहे ना जुना? झालं तर मग. वर यूव्ही दिवा लावा." दुसऱ्याने संपाशिवाय रीफचा विचारही करू नका म्हणत असा आकडा सांगितला की मी चहा अर्धा टाकून उठलो. कॅनिस्टर तासाला १००० लिटरचा आहे, चालू स्थितीत. आता (१) तोच वापरून टाकीच्या काठाला अडकवायचा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) घ्यावा, (२) काठाला अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स आणि खाली संप, की (३) टाकीला भोक पाडून रीतसर संप? फिल्ट्रेशनला २५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे गेलो तर बायकोला उत्तरं द्यावी लागतील.

दादरकर

शीर्षक वाचून वाटलं एसटीवाले परत बसले. चालू द्या.

खारट_काका

पाणवठा, आधी गोड्या पाण्याची सवय डोक्यातून काढा. तिथे फिल्टर म्हणजे डबा. रीफमध्ये खरा फिल्टर म्हणजे खडक. सच्छिद्र खडकाच्या अंगावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. खडकाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. तुमच्या प्लांटेड टाकीत नायट्रेट झाडं खायची, म्हणून तुम्हाला कधी त्याचा हिशोब ठेवावा लागला नाही. इथे झाडं नाहीत.

कॅनिस्टरची खोड अशी की त्याच्या स्पंजात उरलंसुरलं खाणं आणि विष्ठा अडकते, आणि डबा बंद असल्यामुळे आपण ती विसरतो. ती तिथेच कुजत राहते. घाण नजरेआड झाली, पण पाणी अजून तिच्यातूनच फिरतंय. स्किमरचं उलट. बारीक बुडबुड्यांना प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ चिकटतात, त्यांचा फेस होऊन वर कपात चढतो आणि कुजायच्या आधीच घाण पाण्याबाहेर. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो ना, तीच जात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात नि फुटतात, म्हणून हे यंत्र तुम्हाला कधी लागलं नाही.

आणि संप हा मुळात फिल्टर नाहीच, ती जागा आहे. स्किमर, हीटर, कार्बनची पिशवी, सगळं नजरेआड ठेवायची जागा. ती तुम्हाला हवी की नको, एवढाच प्रश्न. यूव्ही तरंगतं शेवाळ आणि काही परजीवी मारतो, नायट्रेटला हात लावत नाही. तूर्त विसरा.

आता तुम्ही सांगा: मासे किती, कोरल कोणती, आणि आठवड्याला खरोखर किती वेळ देणार? खरोखर म्हणालोय.

दर्याकिनारी

पर्याय २ बद्दल मी बोलते, कारण मी भोगलंय.

टाकीला भोक नको म्हणून मीही ओव्हरफ्लो बॉक्स अडकवला होता. त्यात उलट्या यू नळीतून सायफनने पाणी खाली संपात जातं. आठ महिने एक थेंब सांडला नाही. मग एका गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज गेली, दीड तासाने आली. मधल्या वेळात नळीत हवा साठली होती, सायफन परत धरलाच नाही. खालचा पंप मात्र इमानदारीत पाणी वर चढवत राहिला. मी ऑफिसात. संध्याकाळी दार उघडलं तर संप कोरडा, पंप घरघरतोय आणि टाकीच्या चारी बाजूंनी पाणी उतरून थेट दिवाणाखाली गेलेलं. दिवाणात सासूबाईंच्या हातच्या चार गोधड्या.

गोडं पाणी वाळतं हो. खारं वाळत नाही. गोधड्या उन्हात कडक व्हायच्या आणि पावसाळी हवा आली की परत दमट. तीनदा धुतल्या तेव्हा मीठ गेलं.

माझा पंप मोठा होता ही माझी चूक, कबूल. पण तुमच्या खालच्या काकूंचं छत बघता मी तरी तो बॉक्स घरात आणू देणार नाही. टाकी कोरडी आहे तोवर भोक पाडून घ्या. भोक टाकीला पाडायचंय, मालकांच्या भिंतीला नाही.

नियमावर_बोट

फिल्टरच्या आधी एक. कोरल आणि खडक कुठून आणणार? २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन घातली गेली. समुद्रघोडेसुद्धा. म्हणजे कागदावर त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलंय. दुकानात काचेमागे ठेवलंय म्हणून ते कायदेशीर होत नाही. "लाइव्ह रॉक" म्हणून जे विकतात तोही बहुधा कोरलचा सांगाडाच असतो. मानवनिर्मित सच्छिद्र खडक मिळतात, ते घ्या.

पाणवठा

बोट योग्य ठिकाणी ठेवलंत, आभार. कठीण कोरल नकोतच मला. मशरूम आणि झोअँथस ही मऊ कोरल, बस. खडक मानवनिर्मित. मासे: हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची जोडी आणि एखादा गोबी.

वेळ: रोज दहा मिनिटं, रविवारी दोन तास. (खरोखर. क्रिकेट असेल तर दीड.)

दर्याकिनारी ताई, गोधड्यांचं वाचून आईने टाकीकडे संशयाने पाहिलं.

सोपं_करा

सगळे संपाच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी २ फुटी टाकी चार वर्षं कॅनिस्टरवर आहे, तुमचीच मशरूम-झोअँथस. आतले स्पंज आणि सिरॅमिक नळ्या काढून टाकल्यात, फक्त फिल्टर फ्लॉस (गाळायचा कापूस) आणि कार्बन. दर रविवारी डबा उघडून धुतो, १५ टक्के पाणी बदलतो. नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास राहतं. मऊ कोरलना तेवढं चालतं, किंबहुना थोडं लागतंच. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेलं की डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी शेंबडासारखी चीज वाळूवर पसरते, मग रडायला येतं.

पण खरं तेही सांगतो. भावाच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो, दोन आठवडे डबा उघडला नाही. परत येऊन मोजलं तर ४०. डबा उघडला तेव्हा जो वास आला त्यावर बायको अजून बोलते.

खारट_काका

सोपं_करा यांचं बरोबर आहे. दर रविवारी डबा उघडणाऱ्याला कॅनिस्टर चालतो. प्रश्न इतकाच की क्रिकेट असेल त्या रविवारी काय.

पाणवठा, एवढ्या कमी माशांत तुम्हाला अवाढव्य काही नको. टाकी कोरडी आहे, कपाट रिकामं आहे, म्हणून मी पर्याय ३ म्हणेन.

आधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना ते बघा, टफन्डला ड्रिल लावलं की तिचा भुगा होतो. लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावून टाकीच्या मागे ठेवा, पोलराइज्ड गॉगल घाला आणि मान तिरकी करत जा. एका कोनात स्क्रीन काळी पडेल. तेव्हा काचेत पट्टे किंवा ठिपके उमटले तर टफन्ड, नुसती काळी राहिली तर साधी. प्रत्येक काच वेगळी तपासा.

मग मागच्या काचेत वरच्या बाजूला दोन भोकं. एका नळीला व्हॉल्व्ह लावून ती पूर्ण पाण्याने भरलेली ठेवायची, दुसरी तोंड जरा वर करून रिकामी, पहिली तुंबली तर कामाला यायला. हिला हर्बी पद्धत म्हणतात. आईंच्या झोपेसाठी हीच. एकाच नळीत हवा नि पाणी मिसळलं की मोरीसारखा गुडगुड आवाज येतो. एक इंची बल्कहेडला (भोकात नळी बसवायच्या जोडाला) भोक साधारण ४५ मिमी लागतं, पण बल्कहेड हातात घेऊन मगच बिट आणा. काठापासून भोकाच्या व्यासाएवढं तरी अंतर सोडा. काम कारागिराकडूनच करून घ्या.

आता काकूंचं छत. वीज जाते तेव्हा रिटर्नच्या, म्हणजे संपातून पाणी वर नेणाऱ्या नळीतून पाणी उलटं खाली येतं, नळीचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत. तोंड पातळीखाली ५ सेमी ठेवलंत तर ९० x ४५ x ५, म्हणजे २० लिटर. २ सेमीवर ठेवलंत तर ८. तुमच्या कपाटात ६० x ३० x ३८ सेमीचा संप बसेल. २० लिटर आले तर त्यातली पातळी ११ सेमी चढेल, ८ आले तर साडेचार. पाणी २० सेमीवर चालवलंत तर दोन्हीत निभावतं, पण मी २ वर ठेवेन. नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात एखादी गोगलगाय बसली की तो उघडाच राहतो. टाकी भरल्यावर पहिल्याच दिवशी स्वतः पाच वेळा प्लग काढून बघा.

संपाचे तीन कप्पे: मोजा (पायमोज्यासारखी गाळणीची पिशवी), स्किमर, पंप. पंप असा घ्या की वर चढून प्रत्यक्षात तासाला ७००-८०० लिटर मिळतील, जास्त नको. कोरलना लागणारा प्रवाह वेव्हमेकर देतो, तो पंपाकडून मागायचा नाही. स्किमर विकत घ्यायच्या आधी त्याची उंची मोजा. कप उचलायला वर दहाएक सेमी मोकळी लागतात. कपाटात मावला पण कप निघेना, असे महाभाग मी पाहिलेत. (आरशात.)

दर्याकिनारी

+१. इन्व्हर्टर असेल तर फक्त वेव्हमेकर त्यावर टाका. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की ऑक्सिजन मिळतो. बाकी सगळं दोन तास थांबलं तरी चालतं.

तळकोकण

कोणी पाण्याबद्दल बोललंच नाही! पिण्याच्या आरओचं पाणी वापरणार असाल तर आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा. चव येण्यासाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो, त्यामुळे ५०-६० दाखवतो. तो बंद करा आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार काढणारी) नळी जोडा. मीटरवर शून्य आलं पाहिजे. नाहीतर सिलिकेट येतं, खडक तपकिरी होतात आणि तुम्ही फिल्टरला शिव्या घालत बसता.

बाष्पीभवन झालं की वरून गोडं पाणी घालायचं, खारं नाही. मीठ उडून जात नाही. एप्रिलमध्ये पंखा लावून माझ्या ३ फुटीतून रोज दोन-अडीच लिटर उडतं. तीन दिवस विसरलात तर खारटपणा ३५ चा ३६-३७ होतो. संपाशेजारी तुमच्याकडे २० सेमी उरतात, तिथे उभा कॅन आणि ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) ठेवा.

पाणवठा

काल रात्री दिवे बंद करून गॉगल घातला आणि लॅपटॉप घेऊन टाकीभोवती फिरलो. बायकोने व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. पाचही काचा नुसत्या काळ्या. कारागीर शनिवारी येतोय, दोन भोकं करून देतो म्हणाला.

तर मग भोक पाडून ६० सेमीचा संप, मधल्या आकाराचा स्किमर, रिटर्न २ सेमीवर. कॅनिस्टर विकत नाही, कधी पाणी गढूळ झालं तर कार्बन घालून दोन दिवस फिरवायला ठेवतो. खडक आणि बाटलीतले जिवाणू घालून महिना-दीड महिना अमोनिया मोजत बसेन, मासे त्यानंतर.

एकच राहिलं. तो मोजा किती दिवसांनी बदलायचा, आणि वॉशिंग मशीनमध्ये धुतला तर चालतो का?

दर्याकिनारी

२०० मायक्रॉनचा असेल तर तीन-चार दिवसांनी. त्यापुढे त्याचाही कॅनिस्टर होतो. चार मोजे घ्या आणि रविवारी एकदम धुवा. मशीन चालतं, पण साबण अजिबात नाही, आणि आधी नळाखाली उलटा करून घ्या. शेवटी आरओच्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवा. मशीन आईंच्या ताब्यात असेल तर आधी विचारा.

पाणवठा

विचारलं. मशीन मिळणार नाही. बादली मिळालीय, निळी, बाल्कनीत ठेवायची. आईने स्वतः मार्करने तिच्यावर "मासे" लिहिलंय.