डॉ. लागूंचं उदाहरण बघा ना

कोणीतरी लिहिलंय की धंदेवाईक रंगभूमीवर गेलेला नट प्रायोगिककडे परत फिरकत नाही, पण डॉ. श्रीराम लागूंचं काय? कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेत हौसेने नाटकं करायचे आणि १९६९ मध्ये चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून फुलटाइम नट झाले. १९७० मध्ये धंदेवाईक रंगभूमीवर 'नटसम्राट' आलं, पण त्याच वर्षी त्यांनी विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' हे प्रायोगिक नाटक पण बसवलं, आणि सेन्सॉरने साडीवरचा रक्ताचा लाल डाग नको म्हटल्यावर डाग निळा केला नि प्रयोगाआधी अनाउन्समेंट करायचे की हा लालच समजा! पुढे 'रूपवेध' ही स्वतःची नाट्यसंस्था पण काढली. मला तर 'नटसम्राट'इतकंच त्यांचं हे काम मोठं वाटतं.