भाट्याच्या खाडीत कयाक आणि पॅडलबोर्ड: वेळ कशी ठरवायची?

नवखा_वल्हेकरी
रत्नागिरीत राहतो. दोघांची सिट-ऑन-टॉप (वर बसायची) कयाक आणि उभं राहून वल्हवायचा, हवा भरायचा १० फूट ६ इंची पॅडलबोर्ड आहे. तिघांनाही पोहता येतं. समुद्रात जायचं नाही, भाट्याच्या पुलाच्या आतल्या अंगाला, सोमेश्वरच्या दिशेने जाऊन परत. डिसेंबर ते फेब्रुवारी. आधी बघायचं काय, भरती की वारा? बोर्डचा मधला फिन (तळाचं उभं पातं) ९ इंची आहे, चालेल? आणि लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, पायाला बांधायची की कमरेला?

काजळीकाठ
आधी भरती, मग वारा. भरतीबरोबर आत जायचं, पाणी थांबलं की वळायचं, ओहोटी लागल्या लागल्या परतायचं. उलट केलंत तर दमल्यावर पाण्याविरुद्ध वल्हवावं लागेल. नवख्याचा बोर्ड ताशी ४-५ किलोमीटरच्या वर जात नाही.

वेळेचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करा. द्वादशी असेल तर १२ × ३/४ = ९, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमारास. दोन्ही पक्षांत तेच. तुम्हाला साधारण द्वादशीच्या आसपासचे दिवस बरे: सातला उतरा, भरती भरली की वळा, साडेदहाला काठावर. हिशोब ढोबळ आहे, आणि रत्नागिरीत भरती मुंबईच्या आधी लागते, म्हणून त्या दिवसाचा भरतीचा तक्ता बघितल्याशिवाय निघू नका.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ १२ भागांचा धरला तर तासागणिक १, २, ३, ३, २, १. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी सरकतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो ओढ पुलाखाली चांगलाच जाणवतो. खांबांच्या मधून सरळ जा. कयाक आडवी होऊन खांबाला टेकलीच तर खांबाकडे झुका. घाबरून माणूस उलट झुकतो, पाणी येतं त्या अंगाची कड पाण्यात जाते आणि कयाक उलटते.

खाजणवाट
पाऊणपट बरोबर, पण वाऱ्याला दुसरा नंबर देऊ नका, बोर्डवाल्यासाठी तरी. थंडीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे. उभा माणूस म्हणजे शीडच. भरती संपल्यावर मतलई आणि ओहोटी एकाच दिशेला ओढायला लागतात, ती दिशा खाडीच्या मुखाची. मुखाशी गाळ साचलेला आहे, त्यावर लाटा फुटतात, राजिवड्याच्या होड्यांची ये-जा तिथूनच. म्हणून उतरायची जागा पुलाच्या आतच धरा, पुलाबाहेर वाहत जायची वेळच येऊ देऊ नका.

अकरा-बाराच्या पुढे खारा वारा उलट, समुद्राकडून आत. परतीला तो तोंडावर आणि खालून ओहोटी: वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोर्डवर सरळ गुडघ्यांवर बसा, वल्हं आखूड धरा. तेवढ्यानेही भागलं नाही तर पालथं पडून हातांनी वल्हवा, यात लाज कसली! पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की बोर्डचा दिवस संपला.

नवखा_वल्हेकरी
मतलईचं डोक्यातच नव्हतं. फिन आणि लीश?

काजळीकाठ
९ इंची फिन भाटीवर, म्हणजे पाण्याखालच्या गाळाच्या उंचवट्यावर, अडकतो. बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे पडतो, तेही उथळ पाण्यात, जिथे तोंडावर आपटायचं. ४-५ इंची फिन लावा. बोर्ड जरा वाकडातिकडा जाईल, बाजू बदलून वल्हवा. पडायचंच असेल तर पसरून, सपाट पडा, डोक्यावर नाही.

लीश कमरेला, झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याची. खाडीत जाळ्यांचे खुंट आणि दोर असतात. घोट्याची लीश खुंटाला अडकली की ओढ तुम्हाला पाण्याखाली दाबतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. लाइफ जॅकेट तिघांनाही, घातलेलं, बोर्डवर बांधलेलं नव्हे.

खाजणवाट
बोर्डमध्ये हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय (पंपावरच्या काट्याचं माप), बोर्डवर छापलेल्या मर्यादेच्या आत. कमी भरली तर मध्ये झोळ पडतो. परतल्यावर बोर्ड उन्हात तसाच टाकू नका, तापून दाब वाढतो आणि शिवणी सुटतात. २-३ पीएसआय सोडून सावलीत ठेवा.

पायात जाड तळाचे बूट. खडकांवर आणि तिवरांच्या मुळांवर कालवं असतात, पाय आणि बोर्ड दोन्ही कापतात. वाळूवर चालताना पाय घासत चाला म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. ओहोटी निम्म्यावर गेल्यावर काठाला लागायचं म्हणजे गुडघाभर चिखल, म्हणून पाणी असतानाच परत.

हौस वाढली म्हणून हाच बेत वाशिष्ठी नदीत नेऊ नका. तिथे मगरी आहेत. बोटीतून बघायला ठीक, बोर्डवर नको.

काजळीकाठ
एक राहिलं. पाण्यात पडल्यावर बोर्डवर परत चढायचा सराव पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात करा. मधल्या हँडलला धरायचं, पाय मागे पृष्ठभागावर आणून मारायचे आणि पोटावर सरकायचं. पाय बोर्डखाली गेले की कितीही जोर लावा, वर येता येत नाही.