दहा गुंठ्यांच्या हातशेतीने वीटभट्टीवरचे स्थलांतर थांबेल का?

प्रश्न
जव्हार तालुक्यातील आमच्या पाड्यावर बहुतेक कुटुंबांकडे एक-दीड एकर वरकस, म्हणजे उतारावरची हलकी, जमीन आहे. पावसाळ्यात नागली आणि वरई पिकते. दिवाळीनंतर मात्र माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असल्यामुळे मुलांनाही शाळा सोडून बरोबर जावे लागते. बैलजोडी परवडत नाही आणि उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. केवळ कुदळ-खुरप्याच्या बळावर दहा गुंठे कसून एखादे कुटुंब गावातच राहू शकेल का?

प्रतिसाद १
कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार (प्रयोगशील शेतकऱ्यांचे जाळे) यांनी पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरू शकतात, असे आग्रहाने मांडले होते. पालापाचोळ्यापासून माती घडवणे आणि पानांवर पडणारे ऊन वाया जाऊ न देणे हा त्या मांडणीचा गाभा होता. ती मला आजही मोलाची वाटते, परंतु तिच्यात रोजच्या पाण्याची हमी गृहीत धरलेली आहे, हे अनेकदा विसरले जाते.

प्रतिसाद २
मी शेजारच्या विक्रमगड तालुक्यात मोगरा लावला आहे. दोन्ही बाजूंनी पाच फूट अंतर ठेवले तरी दहा गुंठ्यांत चारशेहून अधिक रोपे बसतात. थंडीत पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, मग छाटणी करून आळ्यात शेणखत घालायचे आणि पाणी सुरू करायचे, म्हणजे उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, कळी लागते. ती उमलण्याआधी, पहाटेच खुडून दादरच्या फूलबाजारात पोहोचवावी लागते. टपोरी पण मिटलेली कळीच भाव खाते, उमललेल्या फुलाला फारसे कोणी विचारत नाही. हे काम यंत्राचे नाही, बोटांचे आहे, त्यामुळे येथे मनुष्यबळ हीच छोट्या कुटुंबाची जमेची बाजू ठरते. शिवाय पैसा हंगामाच्या शेवटी एकदम न येता थोडा थोडा हाती येत राहतो, म्हणून उचल घेण्याची वेळ टळते. नागली मात्र सोडू नका. घरचे धान्य घरचेच असावे.

प्रतिसाद ३
वरील अनुभव खरा असला, तरी जव्हारमध्ये भरपूर पाऊस पडूनही मार्चनंतर विहिरी आटतात आणि मोगऱ्याला पाणी नेमके तेव्हाच लागते. डोक्यावर हंडे वाहून चारशे झाडे जगवायची ठरवली, तर तो सगळा भार घरातील बाईवर पडेल, आणि अशा शेतीला गरिबीवरचा उपाय म्हणण्यास माझी तयारी नाही. म्हणून लागवडीआधी ओहोळावर बंधारा किंवा सामाईक विहीर यांचा आग्रह ग्रामसभेत धरावा. रोजगार हमीतून स्वतःच्या शेतातील लागवडीच्या कामाचीही मजुरी मिळू शकते, परंतु त्यासाठी जमीन नावावर असावी लागते. आपल्या पाड्यावरील प्लॉट वनजमिनीवर असतील, तर 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार दावे मंजूर झाले आहेत का, हे आधी पाहावे. असा पट्टा, म्हणजे जमिनीचे हक्कपत्र, पती-पत्नी दोघांच्या नावाने मिळतो.