सोलापुरातील प्रादेशिक चित्रपट महोत्सव : दिग्दर्शकांशी होणारा संवाद कसा आखावा?

नवीपेठकर

आम्ही सोलापुरातील काही प्राध्यापक आणि चित्रपटप्रेमी मंडळी येत्या हिवाळ्यात तीन दिवसांचा प्रादेशिक चित्रपट महोत्सव भरवण्याच्या विचारात आहोत. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू चित्रपटही दाखवावेत, असे मनात आहे. चित्रपटांची निवड आम्हाला जमेल. चिंता आहे ती खेळानंतरच्या चर्चेची. एका महोत्सवात मी असे पाहिले, की चित्रपट संपताच शाल-श्रीफळ देऊन दिग्दर्शकांचा सत्कार झाला, मान्यवरांची मनोगते झाली आणि प्रेक्षकांतून पहिला प्रश्न येईपर्यंत पुढच्या खेळाची वेळ झाली. दूरवरून आलेल्या त्या दिग्दर्शकांना स्वतःच्या चित्रपटाविषयी जेमतेम चार वाक्ये बोलता आली. आपल्या गावी असे होऊ नये, यासाठी चर्चेला किती वेळ द्यावा, ती कोणी चालवावी आणि परभाषेतील चित्रपटांच्या वेळी कोणत्या भाषेत बोलावे, हे अनुभवी वाचकांनी कृपया सांगावे.

जुना सभासद

सर्व सत्कार उद्घाटनाच्या दिवशी एकत्र उरकावेत आणि खेळाच्या वेळी व्यासपीठावर फक्त दिग्दर्शक व संवादक असावेत, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना आहे. चर्चेची वेळ दोन खेळांमधील फटीत न शोधता छापील वेळापत्रकातच दाखवावी. प्रत्येक चित्रपटामागे निदान अर्धा तास तरी हवा. संवादकाने चित्रपट आधी पाहिलेला असावा आणि ‘कल्पना कशी सुचली’ या प्रश्नाने आरंभ करण्याऐवजी एखाद्या प्रसंगावर बोट ठेवावे : इथे संगीत का थांबवले, या घरात कॅमेरा उंबऱ्याबाहेरच का ठेवला? असा नेमका प्रश्न ऐकला, की प्रेक्षकही नेमके विचारू लागतात.

याखेरीज दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तासाभराची एक खुली सभा ठेवावी. भारतातील फिल्म सोसायट्यांचा, म्हणजे चित्रपटरसिकांच्या मंडळांचा, महासंघ १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला. पुढे गोव्याच्या ‘इफ्फी’मध्ये, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, याच महासंघाने ‘ओपन फोरम’ ही अशीच खुली सभा चालवली आणि तिथे दिग्दर्शक, समीक्षक व सामान्य प्रतिनिधी (महोत्सवासाठी नाव नोंदवलेले प्रेक्षक) एकाच चर्चेत बोलू लागले. काही चित्रपट मनात उतरायला एक रात्र जावी लागते, आणि अशा चित्रपटांवरचे चांगले प्रश्न दुसऱ्या दिवशीच येतात.

केवळ दिग्दर्शकांना बोलवून थांबू नये. नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातील जेऊरचे, ‘सैराट’चे बरेचसे चित्रीकरण करमाळा तालुक्यात झाले आणि ‘फँड्री’तील सोमनाथ अवघडे हा त्याच तालुक्यातील मुलगा राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. या जिल्ह्यात चित्रपट कसा घडतो, हे ध्वनिमुद्रकाकडून, संकलकाकडून किंवा गावातल्या नवख्या कलाकाराकडून ऐकण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

पूर्वभागकर

आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि माझे शिक्षण मराठीतून झाले. शहराच्या पूर्व भागात अशी हजारो घरे आहेत. त्यामुळे तेलुगू चित्रपटाला ‘परभाषेतील चित्रपट’ म्हणताना आयोजकांनी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. त्या खेळानंतर दिग्दर्शकांना तेलुगूतच बोलू द्यावे, प्रश्नही तेलुगूत येऊ द्यावेत आणि प्रत्येक उत्तरानंतर दुभाष्याने त्याचा गोषवारा मराठीत सांगावा. दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे येथे गल्लोगल्ली मिळतील. अक्कलकोटकडच्या कन्नड भाषकांविषयीही हेच म्हणता येईल.

यंत्रमागावर पाळी करणाऱ्यांना आणि विड्या वळणाऱ्या बायकांना दुपारचा खेळ पाहता येणे अवघड आहे. एक तरी खेळ आणि त्यानंतरची चर्चा सायंकाळी उशिरा, पूर्व भागातीलच एखाद्या सभागृहात ठेवावी. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस मात्र टाळावेत.

पडद्यामागे

दोन तांत्रिक बाबी सांगतो, कारण त्यांचा चर्चेच्या वेळेशी थेट संबंध आहे. चित्रपटगृहासाठी येणाऱ्या डिजिटल प्रतीला बहुधा कुलूप असते आणि ते उघडणारी किल्ली ठरावीक यंत्रासाठी व ठरावीक मुदतीपुरतीच दिलेली असते. मुदत संपल्यावर चित्रपट सुरूच होत नाही. म्हणून किल्ली मागवतानाच चर्चा लांबण्याची शक्यता धरून पुढचे काही तास आणि आदल्या दिवशीची चाचणी, दोन्ही तिच्या मुदतीत बसवून घ्यावीत.

दुसरी बाब मराठी उपशीर्षकांची. पुष्कळ यंत्रणांवर देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात, म्हणून उपशीर्षके चित्ररूपात बसवून घेणे सुरक्षित असते. एका वेळी दोनच ओळी असाव्यात. खेळ नाट्यगृहात होणार असेल, तर केवळ प्रक्षेपकाच्या भरवशावर राहू नये. नाटकासाठी बांधलेल्या सभागृहात संवाद घुमतात का, हे शेवटच्या रांगेत बसून ऐकावे.

नवीपेठकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सत्कार उद्घाटनालाच करायचे, हे आमच्या बैठकीत काल एकमताने ठरले. पूर्व भागातील सायंकाळच्या खेळासाठी सभागृह पाहण्याचे काम सुरू करत आहोत. एक शंका उरते : काही नव्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांना अद्याप सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेले नाही. ते दाखवता येतील का?

जुना सभासद

दाखवता येतील, पण आधी सूट मिळवावी लागते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे महोत्सवासाठी अर्ज करता येतो. असे खेळ व्यावसायिक नसावेत आणि ते नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवावेत, अशी अपेक्षा असते. चित्रपटांची यादी आणि सारांश जोडून अर्ज लवकर करावा; यादी शेवटच्या आठवड्यात बदलण्याची सवय येथे फार महागात पडते. विडी कामगार महिलांना या खेळांना बोलवायचे असेल, तर त्यांची प्रतिनिधी-नोंदणी विनाशुल्क करावी आणि नोंदणीची सोय त्यांच्या वस्तीतच ठेवावी.