२०११ ची वॅगनआर, सर्व्हिसिंगचे ११ हजार जास्त नाही का?

भाऊ लोक, ९२ हजार किमी झाले गाडीचे, सर्व्हिसवाल्यानं एस्टिमेट दिलं त्यात डीकार्बन (इंजिनातला कार्बन साफ करणं) अन् टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा पट्टा) पण लावलाय. एवढं लागते का?

संत्रावाला: काहून बाप्पा, या के-सिरीज इंजिनला बेल्टच नसते, चेन असते! ते काट पहिले. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर अन् ब्रेक पाहून घे, बस.

जुनीगाडी: कूलंट (इंजिन थंड ठेवते ते) टाकायचं सोडू नको पण, उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ वर जाते, मी नळाचं पाणी टाकून चालवली अन् वर्धा रोडवर हेड गॅस्केट (इंजिनच्या जोडातलं सील) गेलं, सर्व्हिसच्या तिप्पट लागले राजेहो. अन् १५ वर्षं झाले की आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करा लागते, तो खर्च धर.

प्रश्नकर्ता: बेल्टचं विचारलं तर म्हणे चुकून टाईप झालं 😂